दत्त, बर्फ-वाफ आणि एका अक्षराचं भांडण

मागच्या एका अंकात ख्रिसमसबद्दल लिहिताना मी 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' असं सहज लिहून पुढे गेले होते, तर त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आलीत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकते. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी घरातले वाद लिहिलेत.

प्रश्न : आमच्या शेजारच्या ख्रिश्चन काकू म्हणाल्या, आमचा देव एकच, पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघं. मी म्हटलं, म्हणजे आमचा दत्तच की! त्या हसल्या, म्हणाल्या तसं नाही गं, पण मग कसं ते त्यांनाही सांगता येईना. नेमका फरक काय? (एक वाचक, नाशिक)

काकूंवर हसू नका हां. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनसारख्या मोठ्या ख्रिस्ती विचारवंताने या विषयावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात सरळ कबूल केलं की 'तीन म्हणजे तीन काय?' असं कुणी विचारलं तर आम्ही 'तीन व्यक्ती' म्हणतो, पण ते म्हणायचंच आहे म्हणून नाही, गप्प बसता येत नाही म्हणून. मराठीत तर आणखी पंचाईत, कारण आपल्याकडे व्यक्ती म्हटलं की आधार कार्डवाला माणूस डोळ्यासमोर येतो. लॅटिन 'पर्सोना' आणि ग्रीक 'हिपोस्टासिस' यांचा अर्थ इतका सुटा नव्हता.

आता दत्त. आपल्या कथेत अनसूयेच्या दारात तीन देव येतात, तिघं वेगवेगळे, त्यांची बाळं होतात आणि मग तीन शिरं सहा हातांचं एक रूप होतं, म्हणजे तीन होते आणि एक झाले. शिवाय त्रिमूर्तीत कामं वाटलेली आहेत, एकाने घडवायचं, एकाने सांभाळायचं, एकाने मोडायचं. चर्चची शिकवण दोन्ही ठिकाणी अडते. एक तर तिथे कुणी येऊन मिळालेलं नाही, ते तिघं कधी सुटे नव्हतेच. दुसरं म्हणजे खाती वाटलेली नाहीत, जग निर्माण केलं तेही तिघांनी आणि तारलं तेही तिघांनी. म्हणून मराठीत 'त्रैक्य' म्हणतात (इंग्रजीत ट्रिनिटी), आणि त्या शब्दात त्रयीपेक्षा ऐक्यावर जास्त भार आहे. दत्तापेक्षा जवळची उपमा आपल्याच देशात दोन बंगाली माणसांनी शोधली, सत्-चित्-आनंद. केशवचंद्र सेनांनी 1882 साली एका भाषणात ती मांडली, आणि पुढे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1898 मध्ये त्यावर संस्कृत स्तोत्रच रचलं. ब्रह्मबांधव स्वतः कॅथलिक झालेले होते, तरी त्यांच्याच चर्चच्या वरच्या लोकांना ते पचायला जड गेलं.

पण मला विचाराल तर हे गणिताचं कोडं म्हणून सोडवायला बसलं की माणूस फसतो. आधी पूजा आली आणि सिद्धांत मागून आला. इ.स. 112 च्या आसपास प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर सम्राट ट्राजनला पत्रात लिहितो की हे ख्रिश्चन लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून गाणं म्हणतात (काकडआरतीच म्हणा ना). हेच लोक ज्यूंसारखं ठामपणे म्हणत होते की देव एकच. मग येशूपुढे हात जोडायचे तर कोण म्हणून जोडायचे? पुढची सगळी भांडणं या एका प्रश्नाची आहेत, एक आणि तीनची नाहीत.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. गेल्या महिन्यात दोन नीटनेटके, खूप नम्र लोक दारात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले की ट्रिनिटी हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, ती नंतर राजाने घुसवलेली गोष्ट आहे. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. (एक वाचक, वसई)

ते यहोवाचे साक्षीदार असणार. तुम्ही त्यांना पाणी दिलंत हे छान केलंत.

पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे, शब्द बायबलमध्ये नाही. 'ट्रिनितास' हा लॅटिन शब्द साधारण इ.स. 200 नंतर कार्थेजच्या टर्टुलियनने रुळवला. पण बायबलमध्ये एका बाजूला 'मी आणि पिता एक आहोत' हे वाक्य आहे आणि दुसऱ्या बाजूला 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हेही, दोन्ही योहानच्याच शुभवर्तमानात, दोन्ही येशूच्याच तोंडी, तर दोन्ही वाक्यं एकत्र कशी धरायची हा प्रश्न शब्द असो नसो होताच.

दुसरं वाक्य अर्धवट आहे आणि त्यासाठी तुम्हाला अलेक्झांड्रियाला न्यावं लागेल, म्हणजे इजिप्तमध्ये. तिथे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आरियस नावाचा एक पाद्री होता, म्हातारा, विद्वान, लोकांत प्रिय. त्याचं म्हणणं असं की पुत्र म्हटला की बापानंतरच येणार, म्हणजे 'असं होतं की तो नव्हता', तेव्हा पुत्र हा देवाची सगळ्यात पहिली आणि सगळ्यात थोर निर्मिती, पण निर्मितीच. आणि गडी असा हुशार की हे त्याने खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी गाण्यांत बसवलं असं जुना इतिहासकार सांगतो. जात्यावर ओवी म्हणावी तसं लोक धर्मशास्त्र गुणगुणत होते, मग ते पसरणार नाही तर काय.

325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची सभा बोलावली, नायसियाला, आज ते तुर्कस्तानातलं इझनिक, तळ्याकाठचं गाव (2025 ला या सभेला 1700 वर्षं झाली). सभेने ठरवलं की पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस' आहे, म्हणजे एकाच तत्त्वाचा. नंतर मधला मार्ग काढणारे काही जण आले, ते म्हणाले 'होमोइऊसिओस' म्हणू, म्हणजे तत्त्व एक नाही, सारखं. मधे फरक एका 'इ'चा, ग्रीक लिपीतलं सगळ्यात बारकं अक्षर, आपल्याकडे काना-मात्रा चुकल्यासारखं. यावर लोक हसतात, पण बघा ना, 'हे माझे वडील' आणि 'हे माझ्या वडिलांसारखे' यात घरातलं कुणी हसेल का? (सांताक्लॉजवाले संत निकोलस यांनी सभेत आरियसच्या कानाखाली वाजवली ही गोष्ट दर डिसेंबरला फिरते, ती शेकडो वर्षांनंतरची दंतकथा आहे, फॉरवर्ड करू नका.)

आता 'राजाने घुसवलं' हे का चालत नाही, तर राजा पुढे उलट बाजूला गेला. आरियसला हद्दपारीतून परत बोलावलं ते कॉन्स्टंटाइननेच. त्याच्या मुलाने, कॉन्स्टँटियसने, तर आरियसच्याच बाजूच्या लोकांना बळ दिलं आणि नायसियाचा कट्टर वकील अथनासियस याला एकूण पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. सत्तेच्या जोरावर ठरायचं असतं तर आज तुम्ही-आम्ही सगळे आरियसवाले असतो. शेवट नायसियाच्या बाजूने झाला त्यातही सम्राट होताच, थिओडोसियस, आणि 381 ला कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत नायसियाच्या श्रद्धेच्या मजकुरात (यालाच क्रीड म्हणतात) पवित्र आत्म्याबद्दलची वाक्यं भरली गेली, हे लपवायचं कारण नाही. त्या काळातलं वातावरण निस्साच्या बिशप ग्रेगरीने वैतागून लिहून ठेवलंय, या शहरात पैसे सुटे मागावेत तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर उत्तर येतं की पिता थोर आणि पुत्र धाकटा, आंघोळीचं पाणी तापलं का विचारावं तर नोकर म्हणतो पुत्र शून्यातून झाला. आपल्याकडे कटिंग पिता पिता क्रिकेट चालतं तसं.

हरलेल्यांचं काय झालं ते बघायचं तर इटलीत रावेन्नाला जा. मी ग्रुप टूरने गेले होते, बाकीची मंडळी आइस्क्रीमच्या मागे, मी चर्चमध्ये. तिथला गॉथ राजा थिओडोरिक आरियस मताचा, त्यामुळे गावात बाप्तिस्म्याच्या इमारतीपण दोन, एक नायसियावाल्यांची, एक यांची. यांच्या घुमटावर मोझॅइकमधला येशू कोवळा, बिनदाढीचा, कमरेइतक्या पाण्यात उभा. पण मला विसरता येत नाही ती थिओडोरिकच्या चर्चमधली भिंत. तिथे राजवाड्याच्या कमानींत पूर्वी माणसं होती, राज्य गेल्यावर सहाव्या शतकात त्यांना काढून त्या जागी पडदे बसवले, आणि काम करणाऱ्यांकडून खांबांवरचे हात तेवढे राहिले. पांढऱ्या खांबावर नुसता एक पंजा, पुढच्या खांबावर नुसती बोटं, माणूस गायब.

तर तुमच्या दारातले पाहुणे. ते स्वतःला आरियसचे वंशज म्हणवत नाहीत, त्यांची चळवळ 1870 च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स टेझ रसेलने सुरू केली आणि 'यहोवाचे साक्षीदार' हे नाव 1931 चं. पण शिकवण खूप जवळची आहे, येशू ही देवाची पहिली निर्मिती आणि तोच मुख्य देवदूत मीखाएल, आणि पवित्र आत्मा ही कुणी व्यक्ती नाही तर देवाची कार्य करणारी शक्ती. योहानच्या पहिल्याच ओळीत आपण 'शब्द देव होता' वाचतो तिथे त्यांच्या भाषांतरात 'शब्द एक देव होता' अशा अर्थाचं येतं, कारण मूळ ग्रीकमध्ये त्या जागी उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं) नाही. ग्रीक व्याकरणाचे बहुतेक जाणकार म्हणतात की अशा रचनेत उपपद नसणं नेहमीचंच आहे आणि त्यावरून 'एक' काढता येत नाही. मलाही तेच पटतं. पण माणसं प्रामाणिक आणि चिवट आहेत हे मान्य करायलाच हवं, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहिली पण गायली नाहीत म्हणून काढून टाकलेली केरळची तीन भावंडं सुप्रीम कोर्टात जिंकली, 1986 साली, ती याच पंथाची.

पुढच्या वेळी आले तर एवढंच विचारा, शिष्य थोमा येशूला 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणतो तेव्हा येशू त्याला थांबवत का नाही? त्यांच्याकडे उत्तर असेल. मग चहा टाका, वेळ लागेल.

प्रश्न : न्यूटन ट्रिनिटी मानत नव्हता म्हणे, खरंय? (बारावीचा विद्यार्थी, सोलापूर)

खरंय, आणि गंमत म्हणजे तो शिकला-शिकवला ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. तिथे फेलो, म्हणजे कॉलेजचा पगारी सदस्य, राहायचं तर पाद्रीपदाची दीक्षा घ्यावी लागायची, 1675 ला राजाकडून सूट मिळाली म्हणून सुटला. योहानच्या पहिल्या पत्रातलं तिघांचा थेट उल्लेख असणारं वाक्य मागाहून घातलेलं आहे हे त्याने सविस्तर लिहिलं, पण हयातीत छापलं नाही, नोकरी गेली असती. त्या वाक्याबद्दल तो बरोबर होता, आज ट्रिनिटी मानणारे अभ्यासकही ते मूळचं धरत नाहीत.

प्रश्न : आमची मंडळी नगर भागातली, चार पिढ्यांपासून ख्रिश्चन, आता सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). धाकटा दीर एका नवीन चर्चला जायला लागलाय आणि आता म्हणतो तुमचा सगळ्यांचा बाप्तिस्मा चुकीचा, तीन नावांनी झालाय, फक्त येशूच्या नावाने परत घ्यायला हवा. सासूबाई 78 वर्षांच्या, त्या रडतायत. काय करू? (एक सून)

आधी सासूबाईंना सांगा, काहीही चुकलेलं नाही.

दीर ज्यांच्यात गेलाय त्यांना वननेस पेंटेकोस्टल म्हणतात असं वाटतंय. ते दोन वचनं समोरासमोर ठेवतात, मत्तय 28:19 ला येशू म्हणतो पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, आणि प्रेषितांची कृत्ये 2:38 ला पेत्र म्हणतो येशू ख्रिस्ताच्या नावाने घ्या. त्यांचं उत्तर असं की 'नावाने' हे एकवचन आहे, म्हणजे नाव एकच आणि ते 'येशू', तोच पिता, तोच पुत्र, तोच आत्मा. 1913 साली लॉस एंजेलिसजवळच्या एका शिबिरातल्या प्रवचनावरून ही ठिणगी पडली आणि 1916 ला असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथाने ट्रिनिटीच्या बाजूने ठराव केला तेव्हा दीडशेच्या वर पास्टर बाहेर पडले. म्हणजे सगळे पेंटेकोस्टल असे नाहीत, उलट बहुतेक ट्रिनिटी मानणारेच आहेत, हे दिराला माहीत नसेल तर सांगा.

विचार मात्र नवा नाही. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस असंच म्हणत होता, आणि त्याच्याही आधी प्राक्सियस म्हणून एक होता, ज्याच्यावर टर्टुलियन असा तुटून पडला की याने पित्यालाच क्रुसावर चढवलं. आणि आता कबुली देते, लहानपणी संडे स्कूलमध्ये बाईंनी आम्हाला ट्रिनिटी शिकवली ती बर्फ, पाणी, वाफ अशी, एकच पाणी तीन रूपं, आम्ही खूश. तर ही उपमा म्हणजे शुद्ध साबेलियस! तेच पाणी एका वेळी बर्फ तरी असतं नाही तर वाफ तरी. 'मी एकच बाई, पण आई, बायको, मुलगी' हीसुद्धा तीच गत. अर्ध्याहून जास्त ट्रिनिटीवाले घरी नकळत वननेसच शिकवतात, त्यामुळे दिरावर फार चिडायला आपल्याला तोंड नाही.

वननेसला जिथे उत्तर देणं अवघड जातं ती जागा गेथशेमाने बाग आहे. पकडले जायच्या रात्री येशू रक्तासारखा घाम गाळत म्हणतो 'माझ्या इच्छेप्रमाणे नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे'. पिता आणि पुत्र एकच असतील तर ही प्रार्थना कुणाला चाललीय? ते म्हणतात, येशूतला माणूस येशूतल्या देवाला प्रार्थना करतोय. मला ते ओढूनताणून वाटतं. पण त्यांची भीतीही समजते, आपल्यासारख्या अनेक देवळांच्या देशात तर जास्तच, की तीन म्हणता म्हणता लोक खरंच तीन देव करून बसतील.

राहिला बाप्तिस्मा. पाण्याने आणि तीन नावांनी झालेला बाप्तिस्मा जुन्या चर्चेसपैकी बरीचशी एकमेकांचा मानतात, सीएनआयमधून कुणी कॅथलिक झालं तर सहसा परत देत नाहीत. मॉर्मन या अमेरिकी पंथाच्या लोकांचा मात्र रोमने (कॅथलिक चर्चने) 2001 ला अमान्य ठरवला, कारण शब्द तेच तीन असले तरी त्यांच्याकडे तिघं खरोखर तीन वेगळे. तेव्हा दिराला त्याच्या चर्चला जाऊ दे, सासूबाईंना पाण्यात उतरवायची गरज नाही, गुडघे दुखत असतील बिचाऱ्यांचे.

प्रश्न : मी दुबईत नर्स आहे, कॅथलिक. रूममेट कोट्टायमची, ऑर्थोडॉक्स. एकदा दोघी क्रीड म्हणत होतो तर ती एका ठिकाणी थांबलीच नाही आणि मी एकटीच 'आणि पुत्रापासून' म्हणत राहिले. ती म्हणे, तुम्ही तो शब्द नंतर घातलाय. (एक वाचक, दुबई)

घातलाय, तिचं बरोबर आहे. 381 च्या मजकुरात पवित्र आत्मा 'पित्यापासून निघतो' इतकंच आहे. 'आणि पुत्रापासून', लॅटिनमध्ये एकच शब्द, 'फिलिओक्वे', हा पश्चिमेकडे हळूहळू शिरला. स्पेनमध्ये 589 साली राजा रेकारेडने आरियस मत सोडल्याचं जाहीर केलं त्या टोलेडोच्या सभेशी त्याचं नाव जोडलं जातं, तिथे पुत्राचं मोठेपण ठासून सांगायची गरज होती. पोप तिसरे लिओ यांना अर्थ मान्य होता पण मजकुराला हात लावायला ते तयार नव्हते, त्यांनी रोममध्ये क्रीड चांदीच्या पत्र्यांवर, ग्रीक आणि लॅटिनमध्ये, त्या शब्दाशिवाय कोरून लावली. रोममध्ये मिस्सेत (मुख्य उपासनेत) तो शब्द आला 1014 ला, आणि पूर्व-पश्चिम चर्चच्या 1054 च्या फुटीत भांडणाच्या यादीत तो होताच.

पूर्वेकडच्यांची तक्रार दुहेरी आहे. एक तर उगम एकच, पिता, दोन केले की सगळी घडी विस्कटते. आणि दुसरी, जी मला जास्त पटते, सगळ्यांनी मिळून केलेला मजकूर तुम्ही आम्हाला न विचारता बदललात कसा? सोसायटीचे नियम एजीएम न घेता बदलावेत तसं झालं ते. मूळ ग्रीकमध्ये म्हणताना कॅथलिकसुद्धा तो शब्द घेत नाहीत. एक बारीक गोष्ट, तुमच्या रूममेटचं चर्च 1054 ला नाही फुटलं, त्या परंपरेची वाट 451 च्या काल्सिडोन सभेपासूनच वेगळी, आणि ते भांडण ट्रिनिटीचं नव्हे, येशूच्या देवपणाचं आणि माणूसपणाचं. पुढच्या वेळी तुम्ही तो शब्द हळू म्हणा, ती दोन सेकंद थांबेल.

प्रश्न : पंडिता रमाबाईंना ट्रिनिटी पटली नव्हती असं कुठेतरी वाचलं. मग त्या ख्रिश्चन कशा? (एक निवृत्त शिक्षक, दौंड)

सर, रमाबाईंचं केडगाव तुमच्या शेजारीच, तेव्हा हा प्रश्न तुमच्याकडूनच यायचा होता.

रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला, तिथल्या मठात राहत असताना झाला, 29 सप्टेंबर 1883, सोबत छोटी मनोरमा. आणि शंका आल्या त्या त्यानंतर. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना 1885 च्या सुमारास मठातल्या सिस्टर जेरल्डिन आणि कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील या दोघींशी त्यांचा पत्रांतून जो वाद चाललाय तो वाचताना मजा येते. देव एक हे मान्य, येशू गुरू हे मान्य, पण तो देवच आणि देव तीन व्यक्तींत, हे मला बायबलमधून दाखवा, चर्च म्हणतं म्हणून नको, असा त्यांचा हट्ट. सिस्टर जेरल्डिन दुखावतात, आज्ञापालन शिकवू पाहतात, तर रमाबाई लिहितात की मोठ्या कष्टाने मी आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलंय, तसलंच दुसरं घालून घ्यायची माझी सध्या तयारी नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं का म्हणूनही भांडल्या, अक्षरं हवीच असतील तर संस्कृत घाला म्हणाल्या, ती माझ्या देशाची भाषा आहे.

बीलबाई मात्र चिडल्या नाहीत, शंका घेऊ द्या, दाबू नका, असा त्यांचा सूर होता, आणि मला वाटतं रमाबाई टिकल्या त्यात याचा वाटा आहे. पुढे 1886 ला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला, आणि नंतरच्या वर्षांत येशूबद्दल त्यांचं मन बदललं, 1907 च्या साक्षीत त्या त्याला तारणारा म्हणून पूर्ण स्वीकारताना दिसतात. पण कुठल्या एका पंथाच्या दावणीला त्या शेवटपर्यंत बांधल्या गेल्या नाहीत.

तर 'मग त्या ख्रिश्चन कशा' याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. सिस्टर जेरल्डिननी 1885 ला वेगळं दिलं असतं, मी देते की बाप्तिस्मा झालेला, तरी शंका येतेय म्हणून रात्र रात्र बायबल उघडून बसणारी बाई ख्रिश्चन नाही तर कोण. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपाने छापला गेलाय, इंग्रजीत आहे. आणि केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं त्यांचं मराठी बायबल, जे त्या गेल्यावर 1924 ला पूर्ण छापून आलं, ते कुठे बघायला मिळालं तर मत्तयचं शेवटचं पान उघडा, दिराच्या भांडणातलं वचन तिथेच आहे.